चेक इंजिनचा दिवा परत परत लागतोय (पी०१७१) – सेन्सर बदलला, फरक शून्य

रंकाळाकाठ

मंडळी, गाडी २०१४ची, पेट्रोल, चार सिलिंडर, १२०० सीसीची हॅचबॅक. रनिंग ९२ हजार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिले वीस प्रतिसाद "ती गाडी घेतलीच कशाला" यातच जातात.

पावसाळा संपल्यापासून मीटरमधला पिवळा इंजिनचा दिवा लागतोय. कोल्हापुरात ऑफिस-घर-भाजी-क्लास असं काही दिवस चाललं की लागतो. पुण्याला जाऊन आलं की आपोआप विझतो. परत गावात फिरलं की परत लागतो. पिकअप उत्तम आहे, आंबा घाटात चार माणसं आणि सामान घेऊन तिसऱ्या गिअरवर आरामात चढली. अ‍ॅव्हरेज मात्र पडलंय, गावात सोळाच्या आसपास मिळायचं ते आता बाराला आलंय.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड आला पी०१७१, "सिस्टिम टू लीन, बँक १". म्हणाले ऑक्सिजन सेन्सर गेलाय. बदलला, साडेपाच हजार गेले. आठवड्याभरात दिवा परत हजर. आता म्हणतात इंजेक्टर बदलून बघू, नाहीतर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) असेल. "बदलून बघू" हे माझ्या खिशाच्या जिवावर चाललंय म्हणून इथे विचारतोय. लीन म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त एवढं कळलं. पण मग पेट्रोल कमी जात असेल तर अ‍ॅव्हरेज वाढायला नको का?

गावठी_गिअर

बॅटरीची निगेटिव्ह काढा, दहा मिनिटं थांबा, परत लावा. दिवा गायब. आमच्याकडे सगळे हेच करतात.

चौथा_गिअर

वरचा सल्ला कृपया ऐकू नका. बॅटरी काढली की दिव्याबरोबर पुरावाही पुसला जातो. कोड नोंदवताना ईसीएम त्या क्षणाचे आकडे साठवतो: आरपीएम किती, वेग किती, इंजिन किती गरम, लोड किती. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. तुमच्या गॅरेजने ती वाचलीच नसणार, कोड बघितला आणि पार्ट मागवला.

शेवटचा प्रश्न तुम्ही सगळ्यात चांगला विचारलाय. पेट्रोल कमी जातंय असं हा कोड म्हणतच नाही. नीट जळायला पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. धुरात ऑक्सिजन उरला की पुढचा ऑक्सिजन सेन्सर ओरडतो "हवा जास्त झाली", आणि ईसीएम इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतो. तेवढ्यापुरती जी दुरुस्ती होते तिला शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम म्हणतात. तीच दुरुस्ती रोज लागायला लागली की ती लाँग टर्ममध्ये जाऊन बसते. दोन्ही टक्क्यांत दिसतात. उणे-अधिक पाचपर्यंत कोणी लक्ष देत नाही, दहापर्यंत चालतं. बेरीज २५-३० टक्क्यांच्या घरात गेली (हद्द कंपनीगणिक वेगळी) की ईसीएम हात टेकतो आणि दिवा लावतो.

म्हणजे पी०१७१चा अर्थ "मी खूप दिवस पेट्रोल वाढवत आलोय, आता आणखी वाढवता येत नाही" असा. पेट्रोल जादा चाललंय, म्हणून अ‍ॅव्हरेज पडलं. ते का वाढवावं लागतंय हे कोडमध्ये लिहिलेलं नसतं. ते ट्रिमच्या आकड्यांत असतं.

दिवा येतो-जातो तेही नियमानेच. साधारणपणे लागोपाठ दोन फेऱ्यांत दोष दिसला की दिवा लागतो, आणि लागोपाठ तीन फेऱ्या स्वच्छ गेल्या की विझतो. गावात लागतो, हायवेवर विझतो, हा तुमच्या हातातला सगळ्यात मोठा धागादोरा आहे.

ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (ईसीएमचे आकडे वाचणारं छोटं यंत्र) घ्या, हजार-बाराशेला मिळतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा, मोबाइलवर अ‍ॅप. मग हे आकडे टाका: (१) इंजिन गरम असताना आयडलिंगला दोन्ही ट्रिम, (२) उभ्या गाडीत २५०० आरपीएम धरून, (३) हायवेला एका वेगाने, (४) चढाला. शिवाय मॅप सेन्सरचा (इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला दाब मोजणारा) आकडा. आणि हे होईपर्यंत एकही पार्ट बदलू नका.

एक सूचना सगळ्यांसाठीच: दिवा स्थिर असेल तर घरी जाता येतं. लुकलुकायला लागला तर मिसफायर आहे. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जाऊन जळतं आणि कॅट वितळतो. तेव्हा पाय काढा आणि बाजूला घ्या.

टपरीवरचा

एवढा अभ्यास कशाला राव. गाडी हवा खातेय, झालं. बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवा, थ्रॉटल बॉडीपासून इनटेक मॅनिफोल्डपर्यंत सगळ्या रबरी नळ्यांवर कार्ब क्लिनर थोडा थोडा मारत जा. जिथे मारल्यावर आयडलिंग बदलेल तिथे फट. पीसीव्हीची नळी आणि ब्रेक बूस्टरची नळी आधी बघा, रबर दहा वर्षांत चिरतंच.

चौथा_गिअर

पद्धत बरोबर आहे, पण सायलेन्सरच्या बाजूला एक थेंबही उडू देऊ नका. तापलेल्या लोखंडावर कार्ब क्लिनर म्हणजे आगीला आमंत्रण. शक्य असेल तिथे स्मोक मशीन लावून घ्या, पुण्या-मुंबईत बऱ्याच गॅरेजकडे आलंय. इनटेकमध्ये धूर सोडायचा आणि कुठून बाहेर येतो ते बघायचं.

रंकाळाकाठ

डोंगल आला. आयडलिंगचे आकडे सकाळी सायकलच्या दुकानासमोर गाडी उभी करून घेतले, दुकानदाराला वाटलं आरटीओचा माणूस आहे.

आयडलिंग, गरम इंजिन, एसी बंद: शॉर्ट +२ ते +५, लाँग +२३. आरपीएम ७५०, अजिबात वर-खाली नाही. मॅप ३१ केपीए.
२५०० आरपीएम, उभी गाडी: लाँग +९.
हायवे, ताशी ८०: लाँग +६.
कागलच्या पुढे चढाला, पाय बऱ्यापैकी दाबून: पिकअप ठीक, लाँग +५.

फ्रीझ फ्रेम (नवीन, गॅरेजने पुसल्यानंतरची): वेग शून्य, आरपीएम ७४०, पाणी ९१ डिग्री. म्हणजे बहुतेक सिग्नलला उभा असताना.

कार्ब क्लिनर मारून बघितला. कुठेच फरक नाही.

टपरीवरचा

आयडलिंगला जास्त, रेस दिली की कमी. पुस्तकात लिहिल्यासारखं व्हॅक्यूम लिकेज! मिळत नाहीये म्हणजे मॅनिफोल्डच्या मागे असेल. मॅनिफोल्ड उतरवून पॅकिंग बदला.

स्टुटगार्टकर

थांबा, मॅनिफोल्ड उतरवू नका. तो "पुस्तकातला" नियम मॅफवाल्या (हवा मोजणारा सेन्सर असलेल्या) गाड्यांचा आहे, आणि नेटवरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकन गाड्यांवर केलेले असतात, त्यांत मॅफ सर्रास असतो.

मॅफ एअर फिल्टरच्या पुढे बसून आत जाणारी हवा मोजतो. त्याच्या पुढच्या नळीला चीर पडली तर तिथून घुसणारी हवा मोजलीच जात नाही, ईसीएम पेट्रोल कमी देतो आणि ट्रिम वाढतो. आयडलिंगला एकूण हवाच थोडी असते म्हणून चोरट्या हवेचा वाटा मोठा. रेस दिली की वाटा घटतो. इथपर्यंत टपरीवरचा यांचं बरोबर.

पण भारतातल्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅफ नसतोच. मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. फटीतून हवा आत आली की दाब वाढतो, मॅपला तो दिसतो आणि ईसीएम त्या हवेचंही पेट्रोल देऊन टाकतो. म्हणून अशा गाडीत फट असेल तर ट्रिमपेक्षा आयडलिंग जास्त बोलतं: आरपीएम हजार-बाराशेवर चढून बसतो किंवा सारखा वर-खाली होतो, आणि मॅपचा आकडा फुगतो. यांचा आरपीएम ७५०वर स्थिर, मॅप ३१. निरोगी इंजिनाचा आकडा आहे. एकाच सिलिंडरच्या तोंडाशी, म्हणजे इंजेक्टरच्या ओ-रिंगपाशी फट असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हा तो सिलिंडर मिसिंग मारतो आणि इंजिन थरथरतं.

मॅप खोटं बोलत नाही ना, हे तपासायला पैसे लागत नाहीत. किल्ली ऑन, इंजिन बंद. तेव्हा मॅपने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. मुंबईत १०१च्या आसपास, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरवर म्हणून ९५च्या जवळ. महाबळेश्वरला हीच गाडी ८६-८७ दाखवेल.

आणि सेन्सर बदलण्याबद्दल. भाजी अळणी लागली म्हणून जीभ बदलायची नसते. सेन्सर मेलाय का ते दोन मिनिटांत कळतं. पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज अ‍ॅपवर लावा (साधा झिर्कोनियाचा असेल तर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये नाचत असतो). एकदम रेस द्या, ०.८च्या वर उडी मारायला हवी. हायवेवर गिअरमध्येच पाय पूर्ण सोडा, इंजेक्टर बंद होतात, तेव्हा ०.१ किंवा त्याखाली यायला हवा. दोन्हीकडे पटकन जात असेल तर तो शाबूत आहे. अवांतर: हा सेन्सर बॉशने १९७६मध्ये व्होल्व्होच्या गाड्यांत पहिल्यांदा बसवला. पन्नास वर्षं झाली, तरी गॅरेजवाल्यांच्या मते सगळ्यात आधी तोच मरतो.

आकडेमोड

मला एक कळत नाही. पीयूसीत बीएस-४ गाड्यांचा लॅम्बडा (मिश्रणातली हवा लागते त्याच्या किती पट, बरोबर असेल तर १) बघतात, २५००च्या आसपास आरपीएम धरून, ०.९७ ते १.०३च्या आत लागतो. रंकाळाकाठ, तुमच्या पीयूसीच्या कागदावर किती आहे? १च्या जवळ असेल तर मिश्रण लीन नाहीच, ईसीएमच बिघडलाय.

रंकाळाकाठ

कागद बघितला. लॅम्बडा १.००, सीओही हद्दीच्या आत. किल्ली ऑनला मॅप ९५. नव्या सेन्सरवर दोन्ही चाचण्या केल्या, ठणठणीत. जुना सेन्सर गॅरेजवाल्याने डब्यात घालून परत दिला होता, तोही लावून बघायला सांगितला. तोही ठणठणीत. :(

चौथा_गिअर

@आकडेमोड, ईसीएमने +२५ टक्के पेट्रोल ओतून सेन्सरला खूश केलंय, म्हणून लॅम्बडा १ येतो. पीयूसी मिश्रण बघते, ते मिश्रण करायला ईसीएमला किती ओढाताण करावी लागली ते बघत नाही. ट्रिम कितीही बिघडलेला असो, ईसीएम सावरू शकतोय तोवर पीयूसी पास.

@रंकाळाकाठ, जुना सेन्सर जपून ठेवा.

आता उरलेलं बघू. पेट्रोलची बाजू (टाकीतली मोटर, जाळी, प्रेशर) कमजोर असती तर चढाला, म्हणजे जास्त पेट्रोल लागतं तिथे, ट्रिम वाढला असता आणि पिकअप गेला असता. तुमचं नेमकं उलट आहे. इनटेकची फट स्टुटगार्टकरांनी निकालात काढली. मॅप बरोबर, सेन्सर बरोबर. मग असं काय आहे जे फक्त आयडलिंगला, फक्त सेन्सरला, जास्त हवा दाखवतं?

दोन गोष्टी करा. प्लग काढून फोटो टाका. आणि पहाटे पहिल्यांदा चालू करताना बॉनेट उघडं ठेवून कान द्या.

रंकाळाकाठ

चारही प्लग काळे. तेलकट नाही, बोटाला लागते तशी कोरडी काजळी. लीन गाडीचे प्लग पांढरट पडतात असं वाचलं होतं!

आवाजाचं म्हणाल तर थंडीत सकाळी टिक-टिक-टिक येतो. पाच मिनिटांत जातो. मी टॅपेट समजत होतो, गॅरेजवालेही टॅपेटच म्हणाले.

उद्यमनगरी

आवो दादा, टॅपेट न्हाई ते. टॅपेटचा आवाज वरनं हेडातनं येतोय. तुमचा खालनं येत असंल बघा, सायलेन्सरच्या पत्र्याकडनं. गार असताना जरा रेस द्या, टिकटिक वाढती का? वाढली तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलंय न्हाईतर त्यो आवळणारा स्टड तुटलाय. लोखंड तापलं की फुगतंय, फट मिटती, आवाज जातोय. माझ्याकडं असल्या गाड्या येत्यात. पत्रा काढून बघा, जिथनं गॅस निघतोय तिथं काळा ओघळ असतोय. चष्मा लागत न्हाई बघायला.

स्टुटगार्टकर

बरोब्बर. काळे प्लग बघितल्यावर मला दुसरं काही सुचत नव्हतं.

ज्यांना प्रश्न पडलाय की गॅस बाहेर जातो तर हवा आत कशी येते: एक्झॉस्टमधला दाब सलग नसतो. एकेका सिलिंडरचा धक्का येतो, आणि दोन धक्क्यांच्या मध्ये दाब बाहेरच्या हवेच्याही खाली जातो. त्या क्षणी फट श्वास आत घेते. ती हवा चार बोटांवरच्या सेन्सरला लागते. इंजिनात मिश्रण बरोबर होतं, सेन्सरला मात्र ऑक्सिजन दिसला. ईसीएम पेट्रोल वाढवतो, आता इंजिन खरोखर रिच (पेट्रोल जास्त) चालतं, प्लग काळे होतात, अ‍ॅव्हरेज पडतं. पाय दाबला की धूर एवढा वाढतो की आत शिरलेली हवा नगण्य ठरते. म्हणून घाटात सगळं सुरळीत.

उद्यमनगरी यांच्याकडे घेऊन जा. जाण्याआधी घरी खात्री करायची असेल तर इंजिन पूर्ण गार असताना व्हॅक्यूम क्लिनरची नळी फुंकणाऱ्या बाजूला लावा, सायलेन्सरच्या तोंडात फडकं गुंडाळून बसवा, आणि मॅनिफोल्डच्या जोडांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले की पत्ता लागला.

तोपर्यंत एक पथ्य. ही गळती इंजिनाच्या खोलीत आहे, धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. सिग्नलला ब्लोअर बाहेरची हवा ओढत असेल तर तो आत येऊ शकतो. काचा थोड्या उघड्या ठेवा, बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवू नका.

सईची_आई

धागा हायजॅक करत नाही, पण माझाही पी०१७१च आहे आणि आकडे बरोबर उलटे आहेत म्हणून लिहिते. ठाण्यात राहते, कंपनीचीच सीएनजी आहे. सीएनजीवर वर्षभर काही तक्रार नाही. गेल्या महिन्यात नाशिकला जाताना सीएनजी संपला, पेट्रोलवर टाकली, कसारा घाटात गाडी दम काढायला लागली आणि दिवा लागला. डोंगल माझ्याकडे आहे. पेट्रोलवर आयडलिंगला लाँग +४, जोरात रेस दिली की शॉर्ट +२०च्या वर पळतो. सीएनजीवर सगळीकडे पाचाच्या आत.

चौथा_गिअर

अर्धं निदान तुम्हीच केलंत. दोन इंधनांच्या गाडीचा हा मोठा फायदा आहे. हवेची वाट, मॅप, पुढचा सेन्सर, एक्झॉस्ट हे सगळं दोन्हीकडे तेच. सीएनजीवर ठीक आणि पेट्रोलवर लीन, म्हणजे दोष फक्त पेट्रोलच्या वाटेवर. टाकीतली मोटर, तिची जाळी, प्रेशर रेग्युलेटर किंवा इंजेक्टर. त्यातही आयडलिंगला ठीक आणि जास्त मागितल्यावर कमी, म्हणजे पुरवठा कमी पडतोय.

दोन प्रश्न: पेट्रोल टाकीत किती ठेवता, आणि शेवटचं पूर्ण कधी भरलं होतं? मोटर पेट्रोलात बुडालेली असते, पेट्रोलच तिला गार ठेवतं. बरेच सीएनजीवाले रिझर्व्हच्या काट्यावर वर्षानुवर्षं चालवतात. मोटर तापते, आणि तळाशी जुनं पेट्रोल चिकट होऊन बसतं.

बदलण्याआधी रेलवर (इंजेक्टरांना पेट्रोल देणारी नळी) प्रेशर गेज लावून घ्या. पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांत बहुधा ३ ते ४ बार असतो, तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असेल. उभ्या गाडीत बरोबर दिसून फसवतो, त्यामुळे गेज लावून रेस देताना किंवा चालवताना बघायला सांगा.

सईची_आई

पेट्रोल पाच लिटरच्या वर कधीच नसतं. शेवटचं पूर्ण कधी भरलं आठवत नाही. गेज लावून घेते.

बळीराजा_पुणे

सगळे एवढं लिहिताहेत पण खरं कारण कोणी बोलत नाही. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल! २०२३च्या आधीच्या गाड्यांची वाट लावली या इथेनॉलने. लीन कोड यायचाच.

टपरीवरचा

आला विषय. आता २०० प्रतिसाद नक्की.

चौथा_गिअर

इथेनॉलचं राजकारण दुसऱ्या धाग्यावर चालू आहे, तिकडे जा. इथे आकडे असतील तर टाका.

रंकाळाकाठ

उद्यमनगरात जाऊन आलो. पत्रा काढला आणि चौथ्या सिलिंडरच्या फ्लँजपाशी काळा ओघळ, सांगितल्याप्रमाणे. टोकाचा एक स्टड मुळापासून तुटलेला, त्याच्या शेजारचा नट हाताने फिरत होता. आत तुटलेला तुकडा ड्रिल करून काढावा लागला. डाव्या हाताचा ड्रिल बिट लावला होता, उलटा फिरतो तो. अर्ध्यात जाऊन बिट अडकला आणि स्टडचा तुकडाच त्याच्याबरोबर बाहेर आला. दोन्ही स्टड नवीन, पॅकिंग नवीन. फ्लँज वाकलाय का ते पट्टी लावून बघितलं, सरळ निघाला, नाहीतर मशीनवर घासून घ्यावा लागला असता. मजुरीसकट सेन्सरच्या निम्म्याहून कमी लागले.

प्लग साफ करून तेच लावले. ट्रिम शून्यावर आणून आता आठवडाभर गावातच फिरतोय. आयडलिंगला लाँग +५, हायवेला +५, रेसला +४. सपाट. दिवा नाही. टिकटिक नाही.

एक शंका: ते +५ कसले राहिले? अजून कुठे बारीक फट आहे का?

स्टुटगार्टकर

अभिनंदन! +५ सगळीकडे सारखा आहे ना? मग ती फट नाही, फट कधीच इतकी समान वागत नाही. इथे बळीराजा यांचं इथेनॉल येतं, फक्त त्यांच्या सांगण्याइतकं मोठं नाही.

शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा, इथेनॉलला ९ पटच, कारण त्याच्या रेणूत आधीच ऑक्सिजन आहे. ई-१० चं गुणोत्तर १४.१च्या आसपास येतं, ई-२० चं १३.५च्या. म्हणजे गाडी ई-१० धरून जुळवलेली असेल तर तेवढ्याच हवेला ई-२० सुमारे चार टक्के जास्त घालावं लागतं. बिनइथेनॉल पेट्रोलवर जुळवलेली असेल तर सात-आठ टक्के. ट्रिम तेवढा वर सरकतो आणि तिथे थांबतो. एवढ्यावर पी०१७१ लागत नाही.

पण दुसरा दोष १८-२० टक्क्यांवर दबून बसलेला असेल तर हे चार-पाच टक्के त्याला हद्दीपार ढकलतात. रंकाळाकाठ यांच्या स्टडचं तसंच झालं असण्याची शक्यता आहे: गळती आधीपासून, दिवा नंतर.

बळीराजा_पुणे

म्हणजे अ‍ॅव्हरेज पडतं हे तरी मान्य ना?

स्टुटगार्टकर

मान्यच. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच ई-० साठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींना ई-२० वर ६ ते ७ टक्के घट लिहिलीय. सोळाचे पंधरा होतील. बारा नाही. बाराला स्टडच लागतो.

आणि जुन्या गाड्यांत रबराचे पाइप आणि ओ-रिंग इथेनॉलला टिकणारे आहेत का, हा खरा प्रश्न आहे; ट्रिमचा नाही. नळ्या दर सर्व्हिसला हाताने दाबून बघा, फुगलेल्या किंवा चिकट लागल्या तर बदला.

गावठी_गिअर

वाखूसा (वाचनखूण साठवली). पण बॅटरी काढून पण दिवा गेलाच असता.

उद्यमनगरी

गेला असता. चार दिसांनी परत आला असता. मग तुमी परत बॅटरी काढली असती.

सईची_आई

गेज लावला. आयडलिंगला ३.४ बार, घोडबंदर रोडवर जरा पाय दाबला की २च्या खाली. मोटर बाहेर काढली तर खालच्या जाळीवर चॉकलेटी रंगाचा चिकट थर, बोटाने खरवडला तरी निघेना. टाकीच्या तळाशीही तसाच गाळ. टाकी उतरवून धुतली, मोटर जाळीसकट नवीन घातली, इंजेक्टर धुवून घेतले. आता पेट्रोलवर जोरात रेस देऊनही ट्रिम +६ च्या वर जात नाही. पुढच्या रविवारी कसारा चढून बघते.

यापुढे निम्मी टाकी ठेवायची आणि रोज थोडं पेट्रोलवर चालवायचं असं गॅरेजवाल्यांनी सांगितलंय. बरोबर ना?

चौथा_गिअर

बरोबर. आणि ठेवलेलं पेट्रोल दोन-तीन महिन्यांत वापरून नवीन भरत जा. ई-२० ओलावा ओढतं, पावसाळ्यात टाकीत पाणी जमलं तर इथेनॉल पेट्रोलपासून वेगळं होऊन पाण्यासकट तळाशी बसतं, आणि मोटर नेमकी तळातलंच ओढते.

सईची_आई

धन्यवाद! शेवटचा प्रश्न. टाकीतून काढलेलं तीन-चार लिटर पेट्रोल कॅनमध्ये आहे. गाळून स्कूटीत घालू का?

उद्यमनगरी

घालू नका ताई. गॅरेजवाल्याला द्या, पार्ट धुवायला घेतील.